गृहस्वच्छतेचे वेळापत्रक



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी तिच्या धाकट्या बहिणी उभ्या राहिल्या. या व्यासपीठांवरून आजवर स्वराज्य, समाजसुधारणा, तत्त्वज्ञान, विज्ञान, वाङ्मय अशा थोर विषयांचा ऊहापोह झाला. अशा ठिकाणी केरसुणी हातात घेऊन उभे राहावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. पण ज्या विषयात प्रत्येक घरातील कोणाचे तरी रोजचे काही तास जातात, ज्यावरून नवराबायकोत, सासूसुनेत, आईलेकीत आठवड्यातून दोनदा तरी शब्दाने शब्द वाढतो, आणि ज्याच्याशी घरातल्या आजाराचा सरळ संबंध असतो, तो विषय लहान कसा म्हणावा? मला तरी तो लहान वाटत नाही. म्हणून आज मी आपल्यापुढे घराच्या झाडलोटीचा विचार मांडणार आहे.

प्रथम एक घर डोळ्यांसमोर आणू. दोन-तीन खोल्यांची जागा, मिळवते पतिपत्नी, शाळेत जाणारी दोन मुले, आणि सोबत आजी किंवा आजोबा. सकाळी साडेसहाला दूध येते. साडेआठपर्यंत चार डबे भरून बाहेर पडतात. संध्याकाळी मंडळी परत येतात ती थकलेली. अशा घरात साफसफाई करावयाची केव्हा, किती, आणि कोणी? आजच्या व्याख्यानाचे हे तीन प्रश्न. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो शेवटी घेऊ.

'घर साफ करणे' असे आपण सहज म्हणतो. पण त्या दोन शब्दांत तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. पहिले काम घाण काढण्याचे. घाण म्हणजे ज्याने रोग होतो, कीड लागते, वास मारतो ते. खरकटे, साचलेले पाणी, मोरीतला बुळबुळीत थर, ओली बुरशी, ही घाण. दुसरे काम पसारा आवरण्याचे. वर्तमानपत्रे, दप्तरे, वाळत घातलेले आणि वाळूनही न काढलेले कपडे, चष्मा, किल्ल्या, हा सगळा पसारा. पसाऱ्याने कोणी आजारी पडत नाही. त्याने वेळ जातो आणि डोके तापते. तिसरे काम शोभेचे. पितळी समई लखलखीत करणे, पडद्यांची चूण सारखी करणे, खिडकीच्या काचा आरशासारख्या ठेवणे. शोभा मला आवडते, सर्वांनाच आवडते. पण या तिन्हींची गल्लत झाली की घरात विपरीत प्रकार घडतो. पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्यातील शोकेस तासभर पुसले जाते, आणि त्याच घरात भांडी घासण्याची घासणी तीन महिने जुनी, आंबूस वासाची, ओलीच्या ओली ओट्यावर पडलेली असते. जे दिसते ते आधी आणि जे बाधते ते मागाहून, असा हा उलटा क्रम आहे. वेळ थोडा असेल तर घाण आधी, पसारा मग, आणि शोभा सवडीने. एवढा एक क्रम पक्का केला तरी आजच्या व्याख्यानाचे निम्मे काम झाले असे मी समजेन.

हा क्रम चुकला म्हणजे काय होते, याचे एक मोठे आणि दुःखद उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, प्लेगने डोके वर काढले. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. सरकारने काय केले? गटारे धुतली, घराघरांत कार्बॉलिक शिंपडले, भिंतींना चुना फासला, छपरे उघडली, सामान जाळले, आणि सोजिरांकरवी घराघरांची झडती घेतली. त्या जुलुमाची परिणती १८९७ च्या जून महिन्यात रँडवरील गोळीबारात कशी झाली, हे आपण सर्व जाणता. मला सांगावयाचे आहे ते निराळे. एवढी धुलाई होऊनही प्लेग हटला नाही. कारण प्लेग भिंतींत नव्हता, उंदरांच्या अंगावरील पिसवांत होता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखविले, आणि ते सर्वमान्य व्हावयास आणखी काही वर्षे गेली. धान्य झाकून ठेवणे, सांडलेला दाणा उचलणे आणि उंदराला थारा न देणे हे बादल्या भरभरून ओतलेल्या कार्बॉलिकपेक्षा मोलाचे होते. श्रम पुष्कळ झाले, पण ते जेथे व्हावयास हवे होते तेथे झाले नाहीत. आपल्या घरातही रोज थोड्या प्रमाणात हेच घडत असते.

आता पहिला प्रश्न, केव्हा? वेळापत्रक म्हटले की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'घर म्हणजे काय कचेरी आहे?' असे विचारतात. परंतु हे वेळापत्रक मी मनाने ठरवीत नाही. ते घाणीनेच ठरविलेले आहे. प्रत्येक घाणीला वाढावयास ठराविक अवधी लागतो. तो अवधी पुरा होण्याच्या आत आपला हात तेथे फिरला पाहिजे, इतकेच. 'हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे' असे आपल्या आज्या म्हणत. त्यात मी एवढीच भर घालते की, हात वेळेवर फिरावा.

खरकट्याचा अवधी एका रात्रीचा. रात्री ओट्यावर राहिलेला पोळीचा तुकडा आणि मोरीत पडलेली भांडी म्हणजे झुरळांना आणि मुंग्यांना दिलेले आमंत्रण. झुरळे रात्री हिंडतात. म्हणून रोजच्या कामांत सर्वांत महत्त्वाचे काम सकाळचा केर नव्हे, रात्रीची झाकपाक होय. भांडी घासणे त्या वेळी शक्य नसेल तर निदान विसळून पालथी घालावीत, ओटा पुसावा, मोरीच्या जाळीतले खरकटे काढून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे, डबा झाकावा, आणि फडके पिळून पसरून वाळत टाकावे. बारा-पंधरा मिनिटांचे काम आहे. ते रोज झाले तर झुरळांच्या औषधाचा खर्च पुष्कळ कमी होतो.

साचलेल्या पाण्याचा अवधी आठवड्याचा. डेंग्यू पसरविणारा डास आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हावयास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असे आरोग्यखाते सांगते. यात पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. ही डाशीण अंडी पाण्यात सोडीत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटविते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच उबतात. तेव्हा पाणी नुसते ओतून टाकणे पुरेसे नाही. पिंपाची आतली बाजू काथ्याने किंवा घासणीने घासली पाहिजे. पिंपे आपण लक्षात ठेवतो. विसरतो ती कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कूलरची टाकी, फुलदाणी, गच्चीवर टाकून दिलेली फुटकी बादली आणि जुना टायर. यांची एक यादी करून भिंतीवर लावावी व दर रविवारी ती पुरी करावी. घरात बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावे. डासाच्या अळ्या शोधण्यात मुलांना मोठा रस असतो, आणि शाळेतल्या जीवशास्त्राचा तो उत्तम धडा होतो.

धुळीचा अवधी घराप्रमाणे बदलतो. रस्त्यालगतच्या तळमजल्यावर रोज केर काढावाच लागेल. सातव्या मजल्यावर बंद खिडक्यांत राहणाऱ्यांना एक दिवसाआड चालेल. धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात कपड्यांचे तंतू असतात, केस असतात, आपल्या त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे असतात. डोळ्यांना न दिसणारे काही जीव त्या पापुद्र्यांवर जगतात. गादीत आणि उशीत त्यांची वस्ती असते, आणि दम्याच्या रोग्याला त्यांचाच त्रास होतो. म्हणून ज्या घरात कोणाला दमा आहे त्या घरात शोकेसपेक्षा चादरी आणि उशांचे अभ्रे महत्त्वाचे. ते दर आठवड्यास कडकडीत गरम पाण्यात धुवावेत, आणि केर काढताना दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवावे.

न्हाणीघर आणि संडास यांचा अवधी तीन-चार दिवसांचा. पंखे, कोपऱ्यांतली जळमटे, फ्रिजचे कप्पे, यांना महिन्यातून एकदा वेळ दिला तरी चालते.

राहिली ऋतूंची कामे. येथे मात्र आपल्या परंपरेचे शहाणपण मान्य केले पाहिजे. चैत्र-वैशाखात गाद्या, गोधड्या, रग गच्चीवर उन्हात घालावयाचे, डाळी-तांदूळ वाळवावयाचे. मृगापूर्वी पन्हळी आणि गच्चीचे नळ मोकळे करावयाचे. आणि चार महिन्यांच्या ओलीनंतर, आश्विनात, माळ्यापासून उंबऱ्यापर्यंत सगळे घर उपसून काढावयाचे. दिवाळीची साफसफाई दिवाळीच्याच वेळी का? कारण पावसाळ्यात भिंतींना ओल आलेली असते, कपड्यांना बुरशी धरलेली असते, आणि आश्विनातले ऊन ती घालवावयास समर्थ असते. ही कामे हवामानाशी जुळविलेली आहेत. परंतु एक भर घालते. वर्षभराची सगळी साफसफाई दिवाळीच्या आठवड्यात कोंबून घरच्या बाईने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कंबर धरून बसावे, यात ना शास्त्र आहे ना धर्म. माळा एका रविवारी, फडताळे दुसऱ्या रविवारी, पुस्तके तिसऱ्या रविवारी, असे नवरात्रापासूनच काम वाटून घ्यावे.

दुसरा प्रश्न, किती आणि कसे? थोड्या श्रमांत जास्त काम व्हावयाचे तर काही साधे नियम पाळावे लागतात. पहिला नियम, वरून खाली. आधी पंखा व जळमटे, मग फडताळे व टेबले, शेवटी फरशी. फरशी पुसून झाल्यावर पंखा झाडणारी माणसे मी पाहिली आहेत. दुसरा नियम, कोरडे आधी, ओले मागाहून. केर नीट काढल्याशिवाय ओले फडके फिरविले तर धुळीचा चिखल होतो आणि तो कोपऱ्यांत जाऊन बसतो. तिसरा नियम, आतून दाराकडे. आणि चौथा, फडके स्वच्छ हवे. ओटा, जेवणाचे टेबल आणि फरशी यांची फडकी निरनिराळी असावीत आणि रोज वाळावीत. एकच मळके ओले फडके घरभर फिरविणे म्हणजे घाण काढणे नव्हे, ती सर्वत्र सारखी वाटणे होय.

आता बाजारातल्या रंगीबेरंगी बाटल्यांविषयी थोडे बोलते, कारण येथे पैसा जातो आणि कधी जिवावरही बेतते. घरात फारशा बाटल्या लागत नाहीत. तेलकटपणाला साबण, कारण साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, म्हणून पाण्याबरोबर तेल वाहून जाते. बोअरच्या जड पाण्याने नळावर आणि बादलीवर जे पांढरे डाग पडतात ते चुनखडीचे; त्यांना साबणाचा उपयोग नाही, त्यांना लिंबू किंवा व्हिनेगरसारखे आंबट लागते. मात्र हेच आंबट शहाबादी फरशीवर, कोट्यावर, कडप्प्याच्या ओट्यावर आणि संगमरवरावर कधीही ओतू नये. हे दगड जातीने चुनखडीचेच. आम्ल त्यांना खाते आणि त्यांची झिलई कायमची जाते. जंतू मारावयाचे तर ब्लीचचे पाणी पुरते. पण ते ओतून लगेच धुतले तर काही उपयोग होत नाही, त्याला काही मिनिटे मुरू द्यावे लागते.

आणि आता जे सांगते ते येथून घरी जाताना जरूर लक्षात ठेवा. संडासासाठी मिळणारे ॲसिड आणि ब्लीच ही दोन्ही एकत्र कधीही वापरू नयेत. त्यांच्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली हाच वायू सैनिकांवर सोडला होता. लहानशा बंद संडासात दार लावून, खाली वाकून घासणाऱ्या बाईच्या फुप्फुसांना तो फार थोड्या प्रमाणातही इजा करतो. दोन औषधांनी दुप्पट स्वच्छता होईल या समजुतीने लोक ती एकत्र करतात. एक वेळी एकच औषध, खिडकी उघडी, हातात मोजे, आणि बाटली मुलांच्या हाताला न लागेल अशा ठिकाणी ठेवावी. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची सवय तर आजच सोडा.

'आता यंत्रे आली, मग एवढी चर्चा कशाला?' असे कोणी म्हणेल. यंत्रांचे मी स्वागतच करते. धुण्याच्या दगडावर ज्यांच्या पाठी मोडल्या त्यांना धुलाईयंत्राचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पण रूथ श्वार्ट्‌झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक ग्रंथ लिहून मोठी मार्मिक गोष्ट दाखविली. घरात यंत्रे आली, अंगमेहनत कमी झाली. पण गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. कारण एक तर यंत्र आल्याबरोबर स्वच्छतेचे माप वाढले. पूर्वी दोन दिवस चालणारा सदरा आता रोज धुवावयास पडू लागला. आणि दुसरे म्हणजे, पूर्वी जी कामे पुरुष, मुले किंवा नोकर करीत, ती यंत्रामुळे 'सोपी' झाली म्हणून एकट्या बाईकडे आली. आपल्या घरातही पाहा. धुलाईयंत्र कपडे धुते. पण खिसे तपासणे, रंगीत-पांढरे निवडणे, वाळत घालणे, काढणे, घड्या घालणे आणि ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणे हे यंत्र करीत नाही.

येथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी येऊन पोचलो. कोणी?

भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात, हे त्या पाहणीत विचारले होते. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ हून अधिक जणी रोज घरचे बिनपगारी काम करतात, असे आढळले. पुरुषांपैकी शेकडा २६. आणि जे करतात त्यांचा वेळ किती? स्त्रियांचा सरासरी दिवसाला २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७ मिनिटे. यात स्वयंपाक, धुणे, भांडी, झाडलोट सगळे आले. २९९ मिनिटे म्हणजे पाच तास. कचेरीत आठ तास आणि प्रवासात दोन तास घालविणाऱ्या बाईच्या दिवसात हे पाच तास कोठून येतात? ते तिच्या झोपेतून येतात, वाचनातून येतात, आणि अशा व्याख्यानांना येण्याच्या वेळेतून येतात. समोरच्या खुर्च्यांवर पुरुष किती आणि स्त्रिया किती, हे मोजण्याचे काम मी आपल्यावरच सोपविते.

पुष्कळ सुशिक्षित घरांतून आता पुरुष मंडळी म्हणतात, 'मी तिला मदत करतो.' भावना चांगली आहे, पण शब्द चुकीचा आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. म्हणजे काम तिचेच राहिले. आपण फक्त सांगितले तेव्हा हात लावणार. पण झाडलोटीत हातांच्या कामाइतकेच डोक्याचे काम असते. फिनेल संपत आले, चादरी बदलून दहा दिवस झाले, मोरी तुंबावयास लागली आहे, मोलकरीण उद्या येणार नाही, हे सारे कोणीतरी ध्यानात ठेवीत असते. ते ओझे दिसत नाही, म्हणून त्याची वाटणीही होत नाही. माझी सूचना अशी आहे की कामाचे तुकडे वाटू नका, पुरे काम वाटा. न्हाणीघर ज्याच्याकडे, त्याच्याकडे ते सर्वस्वी असावे. केव्हा घासावयाचे, ब्रश केव्हा बदलावयाचा, साबण केव्हा आणावयाचा, हे सगळे त्यानेच पाहावे. 'आज करू का?' असे विचारावयास त्याने येऊ नये, आणि 'आज कर' असे सांगावयास कोणी जाऊ नये.

लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन बाई कारखान्यांतील श्रम कमी करण्याच्या शास्त्रात नामांकित होत्या, आणि बारा मुलांच्या आई होत्या. पायाने झाकण उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या घरी न्हाणीघरात कामांचे तक्ते टांगलेले असत आणि लिहिता येणारे प्रत्येक मूल आपले काम झाले की तक्त्यावर आद्याक्षरे घाली, असे त्यांच्याच मुलांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. तक्ता लागला की आईला बोलावे लागत नाही. आपल्याकडेही एका कागदावर सात दिवस आणि घरातील पाच नावे मांडावयास किती वेळ लागतो? आजोबांना वाकता येत नसेल तर बसल्या बसल्या घड्या घालता येतात. सहा वर्षांच्या मुलीला चपला ओळीने लावता येतात, आणि सहा वर्षांच्या मुलालाही येतात. हे दुसरे वाक्य मी मुद्दाम उच्चारते.

यावर दोन्ही बाजूंचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पुरुष म्हणतात, 'आम्ही केले तरी तिच्या पसंतीला उतरत नाही.' स्त्रिया म्हणतात, 'त्यांच्यामागून मलाच पुन्हा करावे लागते.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तोड अशी की, काम पुरे केव्हा समजावयाचे याचे माप दोघांनी आधी बसून ठरवावे, आणि ठरल्यानंतर ज्याचे काम त्याच्या पद्धतीने होऊ द्यावे. घडी उभी घातली की आडवी, यावरून वाद घालू नये; कपडा स्वच्छ आणि जागेवर आहे ना, एवढे पाहावे. भगिनींनो, येथे आपल्यालाही थोडे सोडावे लागेल. स्वयंपाकघराच्या किल्ल्याही कंबरेला हव्यात आणि कामाची वाटणीही हवी, हे एकाच वेळी जमत नाही. 'शेजारीण काय म्हणेल' या भीतीने घातलेले माप आपण स्वतःहून थोडे खाली आणले तर आभाळ कोसळणार नाही.

ज्या घरांतून मोलकरीण येते त्यांना वाटेल की आपण या प्रश्नातून सुटलो. तसे नाही. प्रश्न एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे गेला, एवढेच. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी काम थांबविले आणि आपली संघटना बांधली, तेव्हा अनेक घरांना प्रथमच कळले की आपली घडी कोणाच्या हातांवर बसलेली आहे. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण कायदा आपल्या मोरीपर्यंत येत नाही. तेथे आपलीच नीती चालते. तिला आठवड्याची सुटी आहे काय? ती आजारी पडली तर पगार कापला जातो काय? फरशी पुसण्यासाठी तिच्या हातात लांब दांड्याचे साधन आहे की चाळिसाव्या वर्षी गुडघे झिजले तरी बसूनच पुसावयाचे? आणि तिच्या चहाचा कप निराळा आहे काय? हा शेवटचा प्रश्न स्वच्छतेच्या व्याख्यानात अप्रस्तुत नाही. जिने घासलेल्या भांड्यांत आपण जेवतो तिच्या ओठाला लागलेला कप आपल्याला चालत नसेल, तर त्या घरातली स्वच्छता ही निव्वळ सोवळ्याची दुसरी आवृत्ती आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तिला लक्ष्मी म्हणतो. शिंदीच्या पानांची ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या बांधली ती मातंग समाजाच्या हातांनी. आणि त्या हातांना आपण शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवले. वस्तूची पूजा आणि करणाऱ्याची उपेक्षा, असा हा प्रकार. तो ओळखूनच गाडगेबाबांनी केरसुणी स्वतःच्या हातात घेतली. दिवसा गाव झाडावयाचा आणि रात्री कीर्तनात मनांची झाडलोट करावयाची, असा त्यांचा क्रम होता. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी, उच्चवर्णीय आणि उच्चविद्याविभूषित असताना, भंगीकाम अंगावर घेतले, कारण जे काम आपल्याला घाण वाटते ते दुसऱ्याच्या माथी जन्माने मारण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशी त्यांची धारणा होती. हाताने मैला काढण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली झाले. ते दुसऱ्यांदा करावे लागले, यातच आपल्या समाजाची परीक्षा झाली आहे.

तेव्हा घराच्या स्वच्छतेचा विचार उंबऱ्याशी थांबवू नका. आपला केर आपल्या दारातून गेला म्हणजे नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हातात जातो. ओला आणि सुका कचरा निराळा ठेवण्याचा नियम २०१६ सालापासून देशभर आहे. पण नियमापेक्षा तो हात डोळ्यांसमोर आणा. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर तसे लिहावे. मुलांचे लंगोट आणि पाळीच्या वेळचे कापड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे कचरावेचक भगिनीला ते उघडून पाहावे लागत नाही. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा लाल ठिपक्याचा प्रघात पाडला. तो प्रत्येक गावात पाडण्यासारखा आहे. खर्च काहीच नाही.

शेवटी एकच गोष्ट सांगून आपली रजा घेते. घर माणसांसाठी आहे. माणसे घरासाठी नाहीत. तान्हे मूल असलेल्या घरात, आजारी माणूस असलेल्या घरात, परीक्षेच्या दिवसांत, पसारा होणारच. त्या दिवसांत रात्रीची झाकपाक आणि पिण्याचे पाणी एवढे सांभाळावे, बाकीचे खुशाल सोडून द्यावे, आणि त्याबद्दल घरातल्या बाईला कोणी एका शब्दानेही टोचू नये. वेळापत्रक करावयाचे ते घर चकचकीत दिसावे म्हणून नव्हे. रात्री नऊ वाजता काम आटोपून त्या घरातल्या प्रत्येकाला, आणि प्रत्येकीला, दिव्याखाली बसून एखादे पुस्तक उघडता यावे, मुलाशी दोन शब्द बोलता यावेत, नाहीतर काहीच न करता स्वस्थ बसता यावे, यासाठी ते करावयाचे. घर नीट चालले आहे की नाही, हे मी तेवढ्यावरून ओळखते.